कॉमेडी वीक आणि आमचे बाबा

सुरुवातीलाच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर फक्त नावं ठेवायला वाचत आलोय. पिंपळ, पांढरी साडी, आपोआप वाजणारी कडी... मी फिजिक्स शिकवतो, मंगरूळपीरजवळच्या एका कॉलेजात. आता मलाच इथे लिहावं लागतंय, याची पुरेशी लाज मला आहे. तुम्ही आणखी भर घालू नका.

मागच्या वर्षी आमच्या प्राचार्यांच्या डोक्यात ‘कॉमेडी वीक’ शिरला. मुलं तणावात आहेत म्हणे! ज्यांना हजेरीपलीकडे कसलाच ताण नाही, त्यांच्यासाठी सहा दिवस, रोज दुपारी दोनला, हॉलमध्ये विनोदी सिनेमे. संयोजक अस्मादिक — कारण प्रोजेक्टर आमच्या डिपार्टमेंटचा. खिडक्यांना पडदे नव्हते, म्हणून जिमखान्याच्या सतरंज्या टांगल्या. पडद्यावर कुणाचं तरी धोतर सुटतं आणि दोनशे जण बाकं बडवतात... तीन दिवस मी हे मागच्या भिंतीला टेकून पाहिलं. माणूसजातीबद्दल जे काही बरं मत उरलं होतं, तेही गेलं.

हा तुसडेपणा वडिलोपार्जित. बाबा किन्हीराजाला गणिताचे मास्तर होते. हसणं म्हणजे त्यांच्या लेखी रिकामटेकडेपणा. घरात कुणी हसलं की ते पेपर खाली करून नुसते बघायचे. हसू तिथंच विझायचं. त्यांना हसताना मी एकदाही पाहिलं नाही. ते जाऊन सहा वर्षं झाली.

चौथ्या दिवशी जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा होता. जत्रेचा सीन. नायक चिखलात पडतो, भोवतीची गर्दी हसते. त्या गर्दीत, डावीकडे, मिठाईच्या दुकानापाशी... बाबा. तिशीतले. टोपी मागे सरकलेली, पोटावर हात, मान मागे टाकून खदखदून हसत होते. दोन-तीन सेकंद. मग सीन बदलला.

डोळे थकले असतील, असं मी स्वतःला बजावलं. पण शेजारी आमचे लॅब अटेंडंट गजाननभाऊ उभे होते — तेही किन्हीराजाचे, लहानपणी बाबांच्या हातचा मार खाल्लेले. मी काही बोलायच्या आत तेच हळूच म्हणाले, “सर, गुरुजी होते ना ते?”

“कोण गुरुजी?”

“तुमचे बाबा. हसून राह्यले होते.”

“काहीही बोलू नका, गजाननभाऊ.”

“मले कायले खोटं बोलायचं हाय? त्यायचं तोंड मी इसरीन काय?”

मुलं गेल्यावर आम्ही तो सीन पुन्हा लावला. थांबवून थांबवून पाहिला. त्या जागी एक जाडा, मिशाळ, अनोळखी माणूस होता. पूर्ण सिनेमा धुंडाळला, बाबा कुठेच नाहीत. असणार तरी कसे? तो सिनेमा आला तेव्हा ते दुसरी-तिसरीत असतील.

“हा मानूस तवा नव्हता,” एवढंच बोलून गजाननभाऊ वायर गुंडाळायला लागले.

रविवारी किन्हीराजाला गेलो. आई तूर निवडत होती. “बाबांनी कधी सिनेमात काम केलं होतं का?” हे विचारताना मला माझीच कीव आली.

“ते? वाशीमच्या टॉकीजात बी नाही गेले कधी.”

मग घडलं ते सगळं सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“हसून राह्यले होते?”

“हो.”

“कसे?”

“कसे म्हणजे... हसत होते.”

“तसं नाही. करून दाखव मले. एवढा संसार केला, पन मी नाही पाह्यलं कधी.”

मी टाळत राहिलो. ती बघत राहिली. शेवटी पोटावर हात धरला, मान मागे टाकली आणि भरदुपारी स्वयंपाकघरात हसून दाखवलं. अगदीच भिकार जमलं. ती म्हणाली, “अजून एक डाव कर.”

खुलासा माझ्याजवळ आजही नाही. प्रकाश, डोळा, मेंदू — सगळं उलटंपालटं करून पाहिलं. एकच भास दोघांना एकाच क्षणी कसा होतो, कोण जाणे. लिंबू-मिरचीचे सल्ले मात्र तुमच्याजवळच ठेवा. रविवारी घरी गेलो की आई चहा ठेवते आणि समोर येऊन बसते. आता मला थोडं थोडं जमायला लागलंय.