मोरिता-सानांचं इंग्रजी भाषण

मोरिता-सान भाषणाच्या दुसऱ्या पानावर होते, तेव्हा मी मध्ये बोलले.

योकोहामातली आमची कंपनी फुटबॉलचे बूट बनवायची. नव्वदच्या दशकात जपानला या खेळाचं वेड लागलं होतं आणि कंपनीला आता माल इंग्लंडमध्ये विकायचा होता. मी तिथे दुभाषी. नवरा सॉफ्टवेअरवाला, त्याच्यामागे पुण्याहून आलेली. इंग्रजी चांगलं आणि जपानी कामापुरतं, एवढ्या भांडवलावर मला कॉन्ट्रॅक्ट मिळालं होतं.

मोरिता-सान आमचे काचो, म्हणजे सेक्शन हेड. वय पन्नाशीच्या पुढे. परदेशी पाहुण्यांसमोर ते नेहमी जपानीत बोलायचे आणि मी भाषांतर करायचे. या वेळी त्यांनी ठरवलं, सुरुवातीचं भाषण आपण स्वतः इंग्रजीत करायचं. जन्मात पहिल्यांदाच. महिनाभर ते ट्रेनमध्ये पाठ करत होते. "दामुरे-सान, एकदा बघाल का?" म्हणून माझ्याकडून तपासूनही घेतलं. माझं आडनाव दामले, पण जपानी जिभेला ते जमत नाही. भाषणात जागोजागी 'सॉकर' होतं. जपानीतही तोच शब्द, त्यामुळे मला काही खटकलं नाही.

आदल्या दिवशी पाहुणे आले. माल घेणाऱ्या इंग्लिश कंपनीचे म्हातारे मालक मिस्टर हॉल आणि त्यांचा तरुण सेल्स मॅनेजर गॅरी. जेवताना गॅरीने मला आधी त्याच्या टीमचं पुराण ऐकवलं, मग 'सॉकर'वर घसरला. "तो अमेरिकनांचा शब्द. आमच्या स्टँडमध्ये कोणी म्हटला तर लोक त्याला उभं करणार नाहीत. फुटबॉल म्हणजे फुटबॉल." खुद्द साहेबच सांगतोय म्हटल्यावर मी ते डोळे झाकून खरं मानलं.

जपानी ऑफिसात एक रीत असते, नेमावाशी. मीटिंगमध्ये कोणी कोणाला अडवत नाही. जे खटकतं ते आधी त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन हळूच सांगायचं. मीटिंग नुसती शिक्कामोर्तबासाठी. त्या सकाळी मोरिता-सान माझ्या शेजारीच चहा पीत होते. तेव्हा मला काही आठवलं नाही. भाषणात मात्र तो शब्द पुन्हा आला, गॅरी गालात हसला आणि माझ्यातलं पुणं जागं झालं.

"काचोंना फुटबॉल म्हणायचंय," मी इंग्रजीत म्हणाले. "इंग्लंडमध्ये सॉकर कोणी म्हणत नाही, हे त्यांना माहीत नाही."

गॅरी मोठ्याने हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. मोरिता-सानांच्या हाताखालची माणसं टेबलाकडे बघत बसली. ते वाकून "सॉरी" म्हणाले आणि पुढे निघाले. आता दर 'सॉकर'पाशी ते अडायचे, 'फुटबॉल' म्हणायचे आणि पुढचं वाक्य विसरायचे. पाठ केलेलं सगळं विस्कटलं. शेवटचं पान त्यांनी वाचलंच नाही.

मग मिस्टर हॉल बोलले. "माझे वडील मला दर शनिवारी सॉकर बघायला न्यायचे. शब्द इंग्लंडच्याच कॉलेजातल्या पोरांनी काढलेला. आम्ही दोन्ही म्हणायचो. अमेरिकन म्हणतात म्हणून हल्लीच्या मुलांना तो चालत नाही. मिस्टर मोरिता, तुमचं बरोबर होतं."

हे जपानीत सांगायचं काम माझंच. सांगितलं.

ऑर्डर मिळाली. संध्याकाळी मी माफी मागायला गेले, तर मोरिता-सानच उठून उभे राहिले.

"दामुरे-सान, तुम्ही चूक दाखवलीत, आभारी आहे. माझी तयारी कमी पडली."

"काचो, चूक नव्हतीच."

"पाहुण्यांसमोर तुम्हाला मध्ये पडावं लागलं, म्हणजे होती."

टोमणा असता तर परवडला असता. ते मनापासून बोलत होते.

त्यानंतर मोरिता-सान कुठल्याही मीटिंगमध्ये इंग्रजी बोलले नाहीत. दुभाष्याचं काम वाढलं आणि माझं कॉन्ट्रॅक्ट पगारवाढीसह रिन्यू झालं. शिफारस त्यांनीच केली होती. पुढे माझ्या हाताखाली नवे दुभाषी आले, त्यांना मी एवढंच सांगायचे: बोलणारा चुकतोय असं वाटलं तर आधी घोटभर पाणी प्या. तेवढ्यात वाक्य पुढे गेलेलं असतं आणि बहुतेक वेळा कोणाचं काही बिघडलेलं नसतं.