ताईंनी सोडलेली जागा

ताई अठरा वर्षं कंपायलर बनवत होत्या; माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम. प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, सुरुवातीला काहीच न करणाऱ्या सूचनांची इवलीशी जागा सोडायला त्यांनीच त्याला शिकवलं. "रिकामं कशाला ठेवायचं?" म्हणत साहेबांनी नाक मुरडलं, पण ताई हटल्या नाहीत.

एके दुपारी मोठा सर्व्हर अडखळू लागला. तो बंद करायची सोय नव्हती. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सांभाळणाऱ्या कर्नलवाल्यांनी चालू यंत्रातच ताईंनी सोडलेल्या त्या जागांवर नोंद घेणाऱ्या सूचना बसवल्या. कोणतं फंक्शन विनाकारण पुन्हापुन्हा चालतंय ते दिसलं आणि तासाभरात चूक सापडली.

"ताई, चुकलो मी," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

ताईंनी तिथूनच लेकीला फोन लावला. "तुझ्या आईने आज मैदान मारलं गं!" त्या म्हणाल्या, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात.