परसरामाचा कोपरा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला राग येतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. मी नर्स होते. सबंध नोकरीत माणसं मरताना पाहिली, मुडदेघराला लागून असलेल्या खोलीत बसून डबा खाल्ला... एकाही मेलेल्या माणसानं मला कधी त्रास दिला नाही. जो दिला तो जिवंतांनी, आणि भरपूर दिला.

या सदरातले अनुभव माझी सून मला वाचून दाखवते आणि मी प्रत्येकात खोट काढते. दिवा होता का? ताप होता का? झोप झाली होती का? परवा ती वैतागून म्हणाली, "मग तुमचा तो ट्रॉलीचा किस्सा लिहा ना, आणि काढा त्यात खोट." म्हणून लिहिते आहे. ती खोट मी आयुष्यभर शोधते आहे, हे तिला ठाऊक आहे.

निजामाचं राज्य होतं, पण शेवटचे दिवस. पूर्णेहून निघालेली मीटरगेजची लाइन वसमतवरून हिंगोलीला यायची आणि तिथंच संपायची. पुढं रूळच नव्हते. मी हिंगोलीच्या दवाखान्यात होते, आणि त्या हिवाळ्यात प्लेगच्या सुया टोचायला मला कुरुंद्याला पाठवलं होतं. अवकाळी पाऊस पडून गेलेला, थंडी मरणाची, आणि सकाळी अशी धुई उतरायची की अंगणातला बैल दिसू नये. धुई म्हणजे धुकं, आमच्याकडं तसंच म्हणतात.

एका सकाळी नुकतं उजाडलं असताना मी उतरले होते त्या घरी एक माणूस आला. गुडघ्यापर्यंत चिखल. रेल्वेचा लिंबाजी मुकादम, ट्रॉली ढकलणाऱ्यांचा म्होरक्या.

"नर्सबाई, चला बरं लौकर. आमच्या परसरामाची बायको अडली हाय. काल दुपारपासून कळा देऊन राहिली. लेकराचा हात भायेर आलाय."

हात बाहेर आला म्हणजे मूल आडवं. ते माझं काम नव्हतं, डॉक्टरांचं होतं, आणि डॉक्टर हिंगोलीला. तरी गेले. रुळाच्या कडेला गँगच्या लोकांच्या चार खोल्या होत्या, त्यातल्या एकीत गिरजा पडली होती. विशीतली पोर, पहिलटकरीण. चेहरा राखेसारखा झालेला. मी हात धुतले, तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "हिंगोलीला न्यायला हवं. आत्ता."

बैलगाडी काळ्या चिखलात रुतली असती. पॅसेंजर दुपारनंतर. तोवर ही टिकत नव्हती. मग परसराम बोलला. मी आल्यापासून तो भिंतीला टेकून उभा होता, उंच, हाडकुळा, अनवाणी. "मुकादम, ट्रॉली काढू," एवढंच म्हणाला.

ज्यांनी ती ट्रॉली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चार लोखंडी चाकांवर लाकडी पाट आणि त्यावर साहेबांसाठी बाक. साहेब त्यावर बसून रूळ तपासायचे आणि ट्रॉलीवाले अनवाणी, थेट रुळावरून पळत तिला ढकलायचे. तळव्याएवढ्या रुळावरून, दवानं ओल्या! समोरून गाडी आली की चौघांनी चार कोपरे धरून ती उचलायची आणि बाजूला ठेवायची. साहेब त्या आठवड्यात पूर्णेला गेले होते. ट्रॉली शेडमध्ये होती.

"साहेबाला मी बघून घेतो," लिंबाजी म्हणाला.

बाक काढून तिथं गोधड्या अंथरल्या, गिरजेला निजवलं, दव लागू नये म्हणून वरून काठ्यांवर ताडपत्री टाकली. छोटा तंबूच झाला. मग ट्रॉली रुळावर ठेवायची वेळ आली. चौघे चार कोपऱ्यांना उभे राहिले आणि लिंबाजी ओरडला, "धरलं का?"

"धरलं!" मारोती म्हणाला. "धरलं!" सटवा म्हणाला. लिंबाजीनं स्वतःचं "धरलं" म्हटलं. आणि सगळ्यांत शेवटी मागच्या उजव्या कोपऱ्यातून परसराम, जरा नाकातून, लांबवून — "हाय जीऽऽ!" मग लिंबाजी म्हणाला, "उचला."

मला शाळेतल्या हजेरीची आठवण झाली आणि अशा वेळीही हसू आलं. लिंबाजीला ते आवडलं नाही.

"हसू नका बाई. एकानं आधी उचललं तर दुसऱ्याची बोटं जातेत. ज्याचा कोपरा त्याचा, दुसरा कोनी तिथं हात लावत न्हाई. आन् चार आवाज आल्याबिगर मी 'उचला' म्हनत न्हाई. आजवर म्हनलं न्हाई."

हे वाक्य लक्षात ठेवा.

धुईत ट्रॉली न्यायची तर एकानं लाल निशाण घेऊन बरंच पुढं चालायचं असा नियम. त्याच्याजवळ रुळावर ठेवायचे फटाके असत. समोरून इंजिन येताना ऐकू आलं की ते रुळाला लावायचे. चाकाखाली बार झाला की ड्रायव्हर ब्रेक दाबतो आणि ट्रॉलीवालेही सावध होतात. मारोती निघाला होता, परसरामानं त्याच्या हातातून निशाण घेतलं.

"माझं मानूस हाय. म्या जातो." मग ताडपत्रीत डोकं घालून बायकोला म्हणाला, "भिऊ नको. म्या हितंच हाय." आणि पळत धुईत गेला. दोन ढांगांत दिसेनासा झाला.

मी गिरजेच्या उशाशी ताडपत्रीखाली बसले. ट्रॉली चालू लागली. तिघेच ढकलत होते, त्यामुळं कुणालाच बसून दम खाता येत नव्हता. बाहेर त्यांचे श्वास आणि रुळावर तळव्यांचा चपचप आवाज. आत गिरजा माझं मनगट धरून होती. कळ आली की नखं रुतायची. "बाई, मी वाचीन का?" असं तिनं एकदाच विचारलं. मी म्हटलं, "न वाचायला काय झालं?" 

मग बार झाला. पाठोपाठ दुसरा. आणि शिट्टी, लांब, न थांबणारी.

त्या वेळी टाइमटेबलात काही नव्हतं. कुठलीशी मालगाडी हिंगोलीहून कापसाच्या गाठी घेऊन अवेळी सुटली होती.

"उतरा बाई, उतरा!" मी डाव्या बाजूनं उडी टाकली. ताडपत्रीची कनात माझ्यात आणि पलीकडच्या बाजूत. गिरजा वरच. रूळ थरथरताना दिसत होते, खरंच दिसत होते. लिंबाजी पुढच्या कोपऱ्यातून किंचाळला, "धरलं का?"

"धरलं!" "धरलं!" लिंबाजीचं स्वतःचं. आणि पलीकडून, मागच्या उजव्या कोपऱ्यातून, नाकातून, लांबवून —

"हाय जीऽऽ!"

"उचला!"

ट्रॉली उचलली गेली. चारही बाजूंनी सारखी, बाई वर असताना जराही न कलंडता. मी डाव्या अंगानं गिरजेचा खांदा धरून बरोबर चालत होते, म्हणून ठामपणे सांगते. त्यांनी ती उताराला टेकवली आणि काळं इंजिन ब्रेक करकरवत आमच्याजवळून गेलं, डबे गेले आणि थोडं पुढं जाऊन गाडी थांबली. ताडपत्रीतून गिरजेचा आवाज आला. "आले व्हय ते? बरं झालं."

मलाही वाटलं, बरं झालं. फटाके लावून तो पळत मागं आला आणि वेळेवर पोचला. मी पलीकडं गेले, त्याला शाबासकी द्यायला. कोपऱ्यावर कुणी नव्हतं.

"परसराम कुठाय?" मी सटव्याला विचारलं. मागचा डावा कोपरा त्याचा, म्हणजे दोघांत फक्त ताडपत्री.

"हितं तर होता," सटवा म्हणाला. मग इकडंतिकडं पाहून हळूच, "होता ना?"

तेवढ्यात इंजिनाकडून ड्रायव्हर चालत आला. हैदराबादचा म्हातारा मुसलमान.  आम्हाला पाहताच त्यानं हात जोडले.

"अम्मा, तुमारा आदमी था क्या वो? पुल पे? पटाखे फूटे, मैं बिरेक मारा, सीटी दिया... पानी में कूद जाता तो बच जाता था. कूदा नहीं. सीधा इधरीच कू भागा, चिल्लाते हुए. मैं क्या करता? मेरे सामने... मेरी आँखों के सामने, अम्मा."

ओढ्यावरचा पूल आमच्या पुढं होता. म्हणजे गाडीनं त्याला आधी गाठलं आणि आमच्याजवळ ती नंतर आली. हा हिशोब मी तिथंच, चिखलात उभी राहून केला, आणि आजवर कितीही वेळा केला तरी तो तसाच येतो.

लिंबाजी खाली बसला. मारोतीनं तोंडात उपरणं कोंबलं. मी दंडाला धरून मुकादमाला उठवलं. माझा स्वभावच तसा, रडायला मला नंतर सुचतं. "तिला यातलं काही कळता कामा नये," मी म्हटलं. "आत्ता कळलं तर ती जोर सोडेल. मरेल." गाडी उलटी हिंगोलीला न्या म्हणून मी गार्डाला विनवलं. धुईत हुकुमाशिवाय मागं नेता येत नाही म्हणाला, आणि त्याचंही खरं होतं.

तिघांनी ट्रॉली परत रुळावर घ्यायचा प्रयत्न केला. नाही उचलली गेली. मागची उजवी बाजू जमिनीवरून सुटेचना. शेवटी गार्डानं आणि इंजिनावरच्या खलाशानं हात लावला. त्या वेळी कुणी "धरलं का" म्हटलं नाही.

"ते कुठं हायेत?" गिरजेनं ताडपत्रीतून विचारलं.

"हाय की," लिंबाजी म्हणाला. "ढकलून राहिला." त्याचा आवाज जराही हलला नाही. मीही दुजोरा दिला. ते खोटं मी पुन्हाही बोलेन.

पूल आला. तिघे दम खात होते तोवर गार्ड आणि खलाशी पुढं गेले होते आणि परसरामाला कडेला निजवून, वर घोंगडी टाकून उभे होते. लाल निशाण स्लीपरांत अडकलं होतं. मी ताडपत्रीची कड घट्ट धरून ठेवली. बाहेर मारोती रडत पळत होता आणि गिरजा मला सांगत होती, "बाई, त्यायला म्हना जरा बसा. काहून एवढं पळून राहिले? ऊर फुटंल."

मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

हिंगोलीच्या अलीकडच्या फाटकात कापसाच्या गाड्या जिनिंगकडं निघालेल्या, धुईत एकात एक अडकून रुळावरच उभ्या. "बाळंतीण हाय रे, रस्ता सोडा!" लिंबाजी ओरडला. एक गाडीवान शिव्या देत होता, बाळंतीण ऐकताच त्यानं बैल सोडले आणि चार जणांनी मिळून भरली गाडी ढकलून बाजूला केली. जाताना म्हणाला, "सुटका होईल, माय. घाबरू नको."

स्टेशन आलं. मी खाली उतरले, पण माझं मनगट ताडपत्रीखाली गिरजेच्या हातातच होतं. यार्डात इंजिन पाण्यासाठी उभं होतं, सांधे बदलणारा पॉइंट्समन ओरडायला लागला, "ट्रॉली हटाव, ट्रॉली हटाव!" लिंबाजी थकून अर्धमेला झाला होता. इतक्या वर्षांची सवय... तो आपल्या कोपऱ्याला गेला, वाकला आणि तोंडातून निघून गेलं.

"धरलं का?"

"धरलं," मारोती.

"धरलं," सटवा.

लिंबाजीनं आपलं म्हटलं, आणि थांबला. तोंड उघडंच. आम्ही सगळेच थांबलो.  मला लाज वाटते सांगायला, पण मी मनात म्हणत होते, दे रे बाबा, मघाशी दिलास तसा एकदा आवाज दे. चौथा आवाज आला नाही. लिंबाजीला "उचला" म्हणता आलं नाही.

 मग गिरजेनं माझं मनगट सोडलं.

"बाई," ती म्हणाली, "फाटकापस्तोर तरी होते का ते?"

मग हमाल आले, स्ट्रेचर आलं. डॉक्टरांनी तिला वाचवलं. मूल आधीच गेलेलं होतं, मुलगा होता. परसरामाला आणि त्याला एकाच संध्याकाळी नेलं. ती वॉर्डात भिंतीकडं तोंड करून पडली होती.

लोक मला समजावतात. ओढ्याकडून प्रतिध्वनी आला असेल. भेदरलेल्या तीन माणसांच्या अंगात दहांचं बळ येतं. आला असेल, येत असेल. मग तेच तिघे थोड्या वेळानं तीच ट्रॉली का उचलू शकले नाहीत? आणि ज्यानं आजवर चार आवाजांशिवाय "उचला" म्हटलं नाही, त्यानं तेव्हा कसं म्हटलं?  भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही, आणि तो आवाज मी ऐकला. या दोन्ही गोष्टी मी बरोबर घेऊन जगले.

डिस्चार्जच्या दिवशी गिरजेला न्यायला तिचा भाऊ सेनगावाकडून गाडी घेऊन आला होता. चढताना ती मागं फिरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, माह्यावर कोनी इस्वास ठेवत न्हाई. भाऊ म्हनतो, तुला वात झाला व्हता. तुमी सांगा. ते 'हाय' म्हनले ना? तुमी बी ऐकलं ना?"

दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर उभे होते, कंपाउंडर होता, तिचा भाऊ होता. सगळे माझ्याकडं पाहत होते.

"ऐकलं," मी म्हटलं. "स्पष्ट ऐकलं."

तिनं मान हलवली, पदर डोक्यावर घेतला आणि गाडीत जाऊन बसली.