ह्यांची तांबडी गाडी विकली तो दिवस

आधीच सांगून ठेवते, माझ्या लिहिण्यात चुका फार असतील. अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल माफ करावं. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते किराण्याची यादी लिहिण्यापुरतं.

शेजारची वनिता दुपारी मासिकातले अनुभव वाचून दाखवते... कुणाला चकवा लागला, कुणाला विहिरीवर बाई दिसली. मी ऐकते आणि म्हणते, काहीतरीच लिहितात. माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की सगळ्या बायका बघायला धावायच्या, मी घरात जाऊन तांदूळ निवडत बसायची. भूत मी आजही मानत नाही. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे आणि ती मला कुणाला धड सांगता आलेली नाही. चार माणसांत माझा आवाजच निघत नाही. म्हणून या वहीत लिहून ठेवते. मासिकाला पाठवायची हिंमत होईल की नाही, ठाऊक नाही.

आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. आम्ही सक्करदऱ्याला तलावाच्या बाजूला राहत होतो. दोन खोल्या, आणि लागून टिनाचं शेड. शेडमध्ये गाडी.

गाडी साधी नव्हती. विलायती, दोनच सीटांची, बसकी, वर कापडाचं छत आणि चाकांना सायकलसारखे तारांचे आरे. रंग तांबडा. तिचं इंग्रजी नाव मला म्हणता येत नसे, आम्ही तिला तांबडीच म्हणायचो. माझे सासरे रामटेककडच्या मँगनीजच्या खाणीवर गोऱ्या साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब देश सोडून गेला तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात ही गाडी त्यांच्या नावावर करून गेला. सासऱ्यांच्या मागे ती ह्यांच्याकडे आली. हे म्हणजे माझे यजमान, गिरणीत फिटर होते. आठवडाभर गिरणीची मशिनं आणि रविवारी तांबडी. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचे आणि मला शेजारी बसवून सीताबर्डीच्या बाजारापर्यंत फिरवून आणायचे. सगळा रस्ता बघायचा. मी डोक्यावरचा पदर ओढून स्वतःच्या पायांकडे बघत बसायची.

ती गाडी सुरू करणं एका माणसाचं काम नव्हतं. समोर लोखंडी हँडल घालून हे फिरवायचे, आणि आत बसून मी चोकचा खटका ओढून धरायची. इंजिनाने सूर धरला की हळूहळू सोडायचा. किती ओढायचा, कधी सोडायचा, हे मला आवाजावरून कळायचं. गाडीतलं मला एवढंच येत होतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी ह्यांनी गाडी धुतली, तलावाला चक्कर मारली, परत आणून शेडमध्ये लावली. मग ओसरीवर येऊन पोट धरून बसले. अंगावरच्या त्याच कपड्यांत त्यांना सायकल रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं. अठरा दिवस होते. परत आले नाहीत.

त्या अठरा दिवसांत मी एक चूक केली. आमच्या बारा जणींची भिशी होती. दर महिन्याला प्रत्येकीने पैसे टाकायचे आणि पाळीपाळीने एकीने सगळे उचलायचे. पैसे माझ्याकडे ठेवायच्या. म्हणायच्या, ही बोलत नाही, म्हणजे हिच्याकडे राहतील. समोरच्या सुशीलाबाईंची पाळी जानेवारीत झाली होती, पण मुलीच्या लग्नासाठी म्हणून त्यांनी ते पैसे माझ्याच पेटीत राहू दिले. दवाखान्यात बाहेरून इंजेक्शनं आणायला सांगितली तेव्हा मी ते पैसे काढले. सुशीलाबाईंना विचारलं नाही. लाज वाटली. वाटलं, हे बरे होतील, पगार येईल, ठेवून देऊ.

ह्यांचे दिवस झाल्यावर मीच जाऊन सांगितलं. सुशीलाबाईंनी नुसतं दार लावून घेतलं. ते मला फार लागलं. एप्रिलच्या शेवटी मात्र नळावर त्यांनी गाठलंच.

"पोट्टीचं लग्न पंधरा मेले हाय वं. भांडे घ्याचे हायेत, कपडे घ्याचे हायेत. तू काय करून राहिली?"

"देते," मी म्हटलं.

"कवा देते? गाडीले तं रोज फडकं मारून राहिली. मंग तिलेच इचार ना, पैसे कवा देते म्हणून."

बायका हसल्या. मी घागर तशीच ठेवून घरी आले. आणि शेडच्या दारात उभी राहून ठरवलं, गाडी विकायची. लग्नाच्या आत.

माझे धाकटे दीर मधुकर, लकडगंजला लाकडाच्या वखारीत कामाला. त्यांना निरोप धाडला. ते आले आणि दारातूनच म्हणाले, "विकायची नाही वहिनी. दादाची निशाणी हाय ते."

"भाऊजी, निशाणी घरात आहे. सुशीलाबाईंचे पैसे घरात नाहीत."

"मंग मीच घेतो ना. हप्त्याहप्त्यानं देतो तुमाले."

"त्यांच्या मुलीचं लग्न हप्त्याहप्त्याने होणार आहे का?"

ते आल्या पावली परत फिरले. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याशी मी इतकं कधी बोलले नव्हते.

गिरणीतल्या एका माणसाच्या ओळखीने शहराच्या सदर भागातले एक सेठ आले. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद होता. शेडमध्ये वाकून त्यांनी तांबडीच्या अंगावरून हात फिरवला, चाकांच्या तारा मोजल्यासारखं केलं. किंमत सांगितली. त्यात सुशीलाबाईंचे सगळे पैसे फिटून माझ्याकडेही थोडे उरणार होते. पण त्यांनी एक अट घातली. गाडी स्वतःच्या चाकावर त्यांच्या दारात आली तर पूर्ण पैसे, ओढून आणावी लागली तर निम्मे. निम्म्यात भागणार नव्हतं.

लग्नाला चार दिवस होते. सकाळी भाऊजी नाइलाजाने बॅटरी चार्ज करून आणि डब्यात पेट्रोल घेऊन आले. गाडी चालवायला ह्यांनी त्यांना शिकवलं होतं, पण बॉनेट उघडायची तर त्यांना भीतीच. शेडचं दार उघडलं आणि ते हँडल मारायला लागले. एकदा, दोनदा, वीसदा. शर्ट घामाने अंगाला चिकटला. गाडी हूं की चूं करेना.

"दादा नाही म्हणून राहिला, वहिनी. तुमाले समजत काहून नाही?"

वस्तीतले लोक जमले होते. सुशीलाबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. मला खाली बघायची सवय, त्या दिवशीही मी कुणाकडे बघितलं नाही. गाडीचं दार उघडून माझ्या जागेवर बसले. चोकचा खटका धरला. मनात ह्यांना म्हटलं, गाडी मी विकणार आहे. तुम्हाला आवडो न आवडो. चूक माझी आहे, ती मला फेडायची आहे.

"मारा भाऊजी."

"काय मारू आता? हातात जीव नाही राह्यला."

"एकदा मारा."

हँडल अर्धंही फिरलं नसेल, आणि गाडी सुरू झाली. खोकणं नाही, धूर नाही. नेहमीचा सूर. मी आवाज ऐकत खटका हळूहळू सोडला. भाऊजी हँडल हातात धरून तसेच उभे.

सकाळचे अकरा वाजले असतील. मे महिन्याचं ऊन, रस्त्याने माणूस नाही. भाऊजी चालवत होते, मी शेजारी. कॉटन मार्केटपाशी एक बैलगाडी एकदम आडवी आली. भाऊजींनी ब्रेक दाबला आणि घाबरून क्लच सोडून दिला. गाडीने हिसका दिला... पण बंद पडली नाही. बैलगाडी जाईपर्यंत गुरगुरत उभी राहिली.

"ही बंद पडाले पायजे होती," भाऊजी म्हणाले. "वहिनी, ही बंद पडाले पायजे होती ना."

मी म्हटलं, "पुढे बघून चालवा."

सदरला सेठच्या बंगल्याच्या आवारात गाडी पोचली. सेठ स्वतः पायऱ्या उतरून आले. भाऊजींनी चावी फिरवून गाडी बंद केली, चावी सेठच्या हातात दिली. आम्हाला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं. सेठनी ठरल्यातले निम्मे पैसे माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि म्हणाले, बाकीचे मिस्त्रीने गाडी बघितली की लगेच. त्यांचे म्हातारे युसुफ मिस्त्री आमच्या डोळ्यांसमोर बॉनेट उघडून बसले. इंजिन इतकं तापलेलं की त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं.

थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "सेठ, जरा इधर आना."

आम्हीही गेलो. मिस्त्रींनी इंजिनावरचं एक काळं झाकण काढलं होतं. दोन क्लिपांनी घट्ट बसणारं, वर वायरी जोडलेल्या. झाकणाखाली मधोमध नुसता एक दांडा.

"रोटर कहाँ है?" त्यांनी भाऊजींना विचारलं.

भाऊजींना रोटर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी मला समजावलं, म्हणजे बोटाने माप दाखवलं. अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, वर पितळेची पट्टी. तो या दांड्यावर बसतो आणि गरगर फिरून एकेका प्लगला करंट देतो. तो नसला तर ठिणगीच पडत नाही. "इसके बिना गाडी एक कदम नहीं चलती, बाई. ये आयी कैसे?"

सेठना वाटलं आम्ही मुद्दाम काढून घेतला. भाऊजींनी खिसे उलटे करून दाखवले. मिस्त्रींनी झाकण लावलं आणि हँडल मारून बघितलं, पुन्हा पुन्हा. गाडी मेल्यासारखी. मी आत बसून चोकही धरला. काही नाही.

सेठ म्हणाले, "रोटर आणा. विलायती माल आहे, मुंबईतही मिळेल की नाही सांगता येत नाही. नाहीतर हे निम्मेच."

आणि तेव्हा मला आठवलं. गाडी शेडमध्ये लावली की हे दर वेळी बॉनेट उघडून काहीतरी काढायचे आणि रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकायचे. कुणी गाडी पळवू नये म्हणून. मी कधी विचारलं नव्हतं ते काय आहे. मला वाटायचं, एखादा नट असेल.

"मी आणते," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "मी येईपर्यंत झाकण कुणी उघडू नका."

रिक्षा करून घरी आले. दवाखान्यातून ह्यांच्या कपड्यांचं गाठोडं मिळालं होतं. आयाने बँडेजच्या पट्टीने बांधून दिलेलं, पट्टीत खाटेच्या नंबरची चिठ्ठी खोचलेली. ते मी आणून पेटीत तळाशी ठेवलं आणि कुलूप लावलं. तीन महिने झाले होते, उघडायचा धीर झाला नव्हता. गाठ तशीच होती, चिठ्ठी तशीच होती. नखांनी सुटेना, शेवटी विळीने कापली. वर धोतर, खाली शर्ट. त्याला अजून ग्रीसचा वास होता. खिशात रुमाल, आणि रुमालात तो तपकिरी तुकडा, वर पितळेची पट्टी.

मी तिथेच जमिनीवर बसले.  मग उठून तोंडावर पाणी मारलं, कारण सेठच्या घरी जायचं होतं.

मिस्त्रींनी रोटर दांड्यावर बसवला. एका हँडलमध्ये गाडी सुरू झाली. सेठनी उरलेले पैसे आणून दिले. मिस्त्री फाटकापर्यंत आमच्यासोबत आले. हात पुसत म्हणाले, "बाई, पूरी जिंदगी इसी काम में गयी. आज का मुझे मालूम नहीं." एवढंच बोलले.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. भाऊजी आधी म्हणायचे, दुसरा रोटर असेल, रस्त्यात पडला असेल. पण झाकणाच्या क्लिपा तर बंद होत्या, पडेल कुठून? माझा भाचा मोटारीचं काम शिकला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, असं होऊच शकत नाही, तुमचीच काहीतरी चूक होऊन राहिली." असेल. पण कोणती, हे त्यालाही सांगता आलं नाही. भाऊजी आता उलटं सांगत फिरतात, दादानेच गाडी नेली म्हणून. मी तसं म्हणत नाही. गाठोड्याची गाठ मी माझ्या हाताने कापली आणि गाडी सक्करदऱ्याहून सदरला मी तिच्यात बसून नेली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकत्र कशा बसतात ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी घरी न थांबता समोर गेले. सुशीलाबाईंच्या ओसरीवर पाहुण्या बायका पापड लाटत होत्या. मी पदरातून पुडकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"राहू दे वं, नंतर पाहू," त्या हळूच म्हणाल्या. "पाहुणे हायेत."

"नंतर नाही. आत्ताच मोजा. सगळ्यांसमोर मोजा."

त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले आणि मोजायला बसल्या. लाटणी थांबली. मी उभीच होते, आणि या वेळी पायांकडे बघत नव्हते. शेवटची नोट ठेवून त्यांनी वर बघितलं.

"पुरे हायेत," त्या म्हणाल्या. "सारे आले."