पाठ टेकल्यावर

संजनाने नखं पार मांसापर्यंत कापली. कानातले उतरवले, नाकातली चमकी उतरवली, पायातला काळा दोरासुद्धा सोडला आणि सगळं आईच्या, सुलाबाईच्या ओंजळीत टाकलं. ब्राझिलियन कुस्तीच्या, जुजुत्सूच्या क्लासच्या मोहिनीताईंनी फोनवर बजावलं होतं, अंगावर धातू नको, चेन नको, खिसे नकोत. जमिनीवरची झटापट असते, कुणाचंही बोट अडकतं.

"भुंडी दिसतीस," सुलाबाई म्हणाली. "आणि ते ब्राझीलचं कशाला? घरात पैलवान बसलाय की."

बसला होता खरा. मल्हारी, संजनाचा बाप. एकेकाळी चांदवडकडच्या जत्रांमध्ये फडावर फड मारलेला, आता सातपूरच्या एका सोसायटीचा वॉचमन. कान अजून मोडलेले, गुडघे गेलेले. पाठ लागली की कुस्ती संपली, एवढंच शास्त्र त्याला ठाऊक.

दिवाळीच्या आधी कंपनी सुटल्यावर बसस्टॉपच्या मागे एकाने संजनाला गळ्याला धरून पाठीवर पाडलं होतं. माणसं धावली, तो पळाला. पोलिसांनी लिहून घेतलं, गल्लीने तिखटमीठ लावलं. आणि मल्हारीने पोरीच्या तोंडाकडे बघणं सोडलं. शिवी नाही, दोष नाही, नुसतं बघायचं नाही. पळाला तो हरामखोर, आणि मान खाली कुणाची, तर घरच्यांची! हरलं कोण, हे ठरवणाऱ्या असल्या आखाड्याला आग लागो.

ती मोबाईल घेऊन त्याच्यासमोर बसली. पडद्यावर एक बाई पाठीवर पडून वरच्या गड्याला पायांत आवळत होती.

"ही तर चितपट हाय," मल्हारी म्हणाला.

"यांच्यात इथूनच सुरू होतं, आप्पा. मला हेच शिकायचंय." तिने मोबाईल बाजूला ठेवला. "पण आज पहिल्याच दिवशी एखादी अनोळखी बाई छातीवर बसली आणि मी किंचाळत पळाले, तर पुन्हा पाय ठेवायची नाही मी तिथे. आधी तुम्ही धरा. घरात सहन झालं, तरच जाईन."

"येडी झालीस का? पोरीला पाडू मी?"

"पाडायचं काम झालंय. तुम्ही फक्त धरा."

सुलाबाईने गोधडी अंथरली आणि दार लोटलं. संजना उताणी झाली. मल्हारी कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसला, तिचे खांदे धरून त्याने भार टाकला. तोंड मात्र भिंतीकडे.

तिला तंबाखूचा वास आला. तिने त्याच्या हातावर थाप मारली. पुन्हा मारली. तो हलेना. तालमीत थापेला कोण सोडतं? तिथे थाप म्हणजे आणखी जोर.

"सोडा! आप्पा, सोडा!"

तो विस्तव लागल्यासारखा मागे झाला. सुलाबाई धावली, संजनाने तिला हातानेच थांबवलं.

"थापटलं की सोडायचं," ती म्हणाली. "पहिल्या थापेला. हा त्यांचा पहिला नियम आहे."

"आमच्यात नाय असं."

"त्या दिवशी त्यालाही मी थापटलंच होतं, आप्पा."

मल्हारीने तेव्हा वर बघितलं. इतक्या महिन्यांनी पोरीचा चेहरा बघितला.

"पुन्हा धरा," ती म्हणाली.

त्याने धरलं. बोटं टेकवली म्हणायचं, धरलं कसलं. तिने थापटायच्या आधीच हात सुटले.

"जोर लावा ना."

"नाय व्हत," तो म्हणाला. "तिथं सोडत्यात थापेला. जा तू."

ती उठली, केस करकचून बांधले, पिशवी घेतली. तो गोधडीवरच गुडघ्यांवर अडकून बसला होता. तिने हात पुढे केला. तो त्या हाताकडे, कापून लाल झालेल्या नखांकडे बघत राहिला. मग तो हात न धरता भिंत चाचपत, भिंतीच्याच आधाराने उठू लागला.

संजनाने हात मागे घेतला आणि चपला घातल्या.