ढचा कान

माझ्या थोरल्या भावाला सगळे ढ म्हणतात. ते नाव मी ठेवलं. तेव्हा मी दहा वर्षांची होते, तो चौदाचा, आणि आम्ही दोघं पाचवीच्या एकाच वर्गात होतो. एकेका इयत्तेत दोन-दोन वर्षं मुक्काम करत तो तिथं पोचला होता. मी मात्र दरवर्षी पहिला नंबर घेत आलेली, नाकावर माशी बसू न देणारी.

एकदा बाईंनी मला धडा वाचायला उभं केलं. अक्षरांच्या इतिहासाचा धडा होता. दोन हजार वर्षांत सगळी अक्षरं बदलत गेली, एक ढ तेवढा जसाच्या तसा राहिला, असं त्यात लिहिलं होतं. मी पुस्तक खाली केलं आणि म्हटलं, "म्हणजे आमच्या दादासारखा." वर्ग हसला, बाई हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं दादा हसला. घरी जाताना माझं दप्तर नेहमीसारखं त्याच्याच खांद्यावर होतं.

त्यानं शाळा सोडली आणि तो पाणीपुरवठ्यात लागला. नाव त्याच्या आधीच तिथं पोचलं होतं. मी शिक्षिका झाले. दुसरं काय होणार?

दादा व्हॉल्वमन होता. रस्त्यावरची लोखंडी झाकणं उचलून खालच्या चाव्या फिरवायच्या, या गल्लीचं पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं, हे त्याचं काम. शहराखालचे नळ कागदावर कुठंच धड नव्हते, ते दादाच्या डोक्यात होते. दवाखान्यामागची चावी साडेअकरा आटेच उघडायची. बारावा आटा दिला की खालच्या गल्लीतली जुनी लाइन फुटते, हे त्याला ठाऊक होतं. कुणी शिकवलं नव्हतं आणि लिहून ठेवायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

आणि त्याचा तो गज! छातीएवढ्या उंचीचा लोखंडी गज, वरच्या टोकाला लाकडी वाटी. गज जमिनीवर टेकवायचा, वाटी कानाला लावायची, डोळे मिटायचे. बारीक गळती सू-सू करते, निसटलेला जोड गुळगुळतो. आणि मोठी फूट असली, की लोकांना वाटतं तसा आवाज वाढत नाही, तो खोल जातो, असं तो सांगायचा. मग टाचेनं खूण करून म्हणायचा, "इथं खणा." बत्तीस वर्षांत खड्डा वाया गेल्याचं मी ऐकलं नाही. तरी घरी तो आला, की मी माझ्या मुलांना म्हणायची, "अभ्यास करा, नाहीतर मामासारखे रस्ते ऐकत बसाल." हेही मीच म्हणायची.

मग नवे साहेब आले. त्यांनी ठरवलं, की लाइनवर हुशार माणसंच हवीत. सगळ्यांची बुद्धिमत्ता चाचणी होणार. पन्नास प्रश्न, शंभर गुण. चाळीसच्या खाली जो येईल त्याचं लाइनवरचं काम बंद, तो ऑफिसात शिपाई. दादा संध्याकाळी माझ्या दारात उभा राहिला, हातात नवी वही आणि टोक काढलेली पेन्सिल.

"चिमे, मला पास कर," तो म्हणाला. पन्नाशीचा माणूस. "दुसरं काही येत नाही गं मला. पाणी काढून घेतलं तर मी काय करू?"

तीन आठवडे मी त्याला रोज शिकवलं. पालथ्या घड्यावर पाणी. दोन, सहा, बारा, वीस, पुढची संख्या कोणती? तो म्हणायचा, "ज्यानं एवढ्या लिहिल्या त्याला पुढची माहीत असेल की." एकदा विचारलं, "विहीर, नळ, टाकी, तहान. गटात न बसणारा शब्द कोणता?"

"विहीर," तो ताबडतोब म्हणाला.

"का?"

"बाकी तिघांना वेळ असते. टाकी वेळेवर भरते, नळ वेळेवर येतो, आणि लोकांना तहानही नळाच्या वेळीच लागते. विहिरीला वेळ नाही."

"चूक. उत्तर तहान. बाकीच्या वस्तू दिसतात, तहान दिसत नाही."

"तहान दिसत नाही? उन्हाळ्यात मी चावी बंद करतो ना, तेव्हा एकदा ये माझ्याबरोबर."

माझं डोकंच फिरलं. परीक्षा चार दिवसांवर आली होती. मी वही आपटली आणि ओरडले, "दादा, तुझं डोकं बाजूला ठेव! तुला जे वाटेल ना, त्याच्या बरोबर उलट लिही. मग होशील पास!"

तो हसला नाही. त्यानं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: उलट लिहायचं.

अठ्ठावीस गुण मिळाले. वहिनी उत्तरपत्रिका माझ्याकडे घेऊन आली. बिचारीला वाटलं, हुशार नणंद काहीतरी मार्ग काढेल. मी लाल पेन्सिल घेऊन एकेक प्रश्न तपासत गेले. नऊ ठिकाणी दादानं आधी बरोबर उत्तर लिहिलं होतं. मग ते नीट, एका सरळ रेघेनं खोडलं होतं आणि शेजारी चुकीचं लिहिलं होतं. नऊ दुणे अठरा. अठ्ठावीस आणि अठरा शेहेचाळीस. माझ्याकडे आलाच नसता, तर तो पास झाला असता.

मी साहेबांकडे गेले, हात जोडले. ते सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः शिक्षिका आहात. खोडलेल्या उत्तराला तुम्ही गुण देता का?" मी देत नाही. आजवर कधीच दिले नाहीत.

साहेबांच्या दाराबाहेर दादा स्टुलावर बसू लागला. घंटी वाजली की उठायचं, फाइल न्यायची. महिन्याभरात नव्या व्हॉल्वमननं दवाखान्यामागची चावी पूर्ण उघडली आणि खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी झालं. मी धावत दादाकडे गेले. वाटलं, आता तरी तो चिडेल, टेबलावर मूठ आपटेल.

"साडेअकरा आटे, तू सांगितलं नव्हतंस का त्याला?"

"आलं होतं तोंडावर," तो म्हणाला. "पण म्हटलं, त्यानं परीक्षा पास केलीय. विचार करूनच उघडत असेल."

दोन हजार वर्षांत जे अक्षर बदललं नाही, ते मी तीन आठवड्यांत बदललं होतं.

त्यानंतर माझ्याच स्वयंपाकघराची भिंत ओली व्हायला लागली. आधी वीतभर, मग कमरेपर्यंत. फरशी चालताना डुगडुगू लागली. ऑफिसचा माणूस यंत्र घेऊन आला, आकडे बघितले आणि गळती नाही म्हणून लिहून गेला. मी दादाला बोलावलं. खरं सांगते, भिंतीपेक्षा मला तो हवा होता, गज टेकवून डोळे मिटणारा.

रविवारी दुपारी तो आला. गज त्यानं जुन्या चादरीत गुंडाळून आणला होता. त्यानं तो ओट्याजवळ टेकवला, वाटी कानाला लावली, डोळे मिटले. मी श्वास रोखून बघत होते. त्याचा चेहरा हळूहळू तसा झाला, पूर्वीसारखा. टाच आपोआप उचलली गेली. मग त्यानं डोळे उघडले आणि टाच पुन्हा होती तिथंच ठेवली.

"सांग ना, दादा. कुठं खणू?"

"तू ऐक," म्हणून त्यानं गज माझ्या हातात दिला.

मी कान लावला. लोखंड गार होतं. मी खूप ऐकलं, कानात प्राण आणून ऐकलं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"नाही रे येत मला," मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. "मला नाही कळत यातलं. तुला येतंय ना ऐकू? तू सांग. तू म्हणशील तिथं खणते मी."

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी माझं दप्तर घेताना ठेवायचा तसाच.

"मला तर अगदी स्वच्छ ऐकू येतंय, चिमे," तो म्हणाला. "म्हणजे नसणार."

आणि तो गज पुन्हा चादरीत गुंडाळू लागला.