माहेरची पुडी

सावरगावची लेक पांढुर्ण्यात दिली की मध्ये उरते ती जाम नदी. गोटमारीच्या दिवशी दोन्ही काठ दगडफेक करून एकमेकांची डोकी फोडतात आणि उरलेलं वर्ष सोयरपण सांभाळतात. चंद्रकलाबाई अशाच एका सोयरिकीतून पांढुर्ण्यात आल्या. माहेरहून आलेल्या वस्तूची चौकशी करायची नाही, ही त्यांची रीत. त्यामुळे धाकट्या भावानं, विनोदनं, गुडघ्यांसाठी जडीबुटीची पुडी आणली, तेव्हा बाईंनी ती निमूट पाण्याबरोबर घेतली.

विनोद गोटमारीतल्या जखमा बांधता बांधता गावाचा वैद्य झालेला. पुडीनं कमाल केली. बाई संत्र्यांच्या ढिगापाशी पुन्हा मांडी घालून फळं निवडू लागल्या. चेहरा गोल गरगरीत झाला. शेजारणी कौतुक करायच्या, तर बाई म्हणायच्या, "भावाची पुन्याई!"

मग साखर वाढली. पुढं खुब्यातून अशी कळ निघाली की पाय उचलेना. लेक मृणाल नागपूरला औषधांच्या संशोधनात आहे. तिनं पुडी नेऊन तपासली.

"आई, हे जडीबुटी नाही, स्टेरॉइड हाय. पेशीच्या केंद्रकात काम करणारे ग्राहक, म्हंजे रिसेप्टर, असतेत. हे औषध त्याइले जाऊन चिकटते अन् सूज थांबवाचा हुकूम सुटते. पण तोच हुकूम हाडाले अन् साखरेलेही लागू होते. तुह्या खुब्याचं हाड त्यानंच मेलं."

"अन् तू काय करून राहिली तिथं?"

"त्याच ग्राहकावर चालन, दुखणं थांबवन, पण हाडाले धक्का नाही लावणार, असं औषध शोधून राहिलो आम्ही."

"सापडलं?"

"नाही अजून."

शरीराला सवय लागलेली, त्यामुळे ते विष एकदम सोडताही येईना. डॉक्टरांनी तेच औषध हळूहळू कमी करायला सांगितलं. रोज ती गोळी गिळताना बाईंच्या जिवाचा संताप व्हायचा. तरी भावावर बोट ठेवायला मन धजत नव्हतं. "त्याले बिचाऱ्याले काय माहीत? त्यालेच कोणी फसवलं असन," असं त्या लेकीला ठासून सांगत. तेवढं एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं, म्हणून काठी टेकत पूल ओलांडून त्या सावरगावला गेल्या.

विनोद ओसरीवर पुड्या बांधत बसला होता. त्याची बायको सुधा पाणी घेऊन आली, तीच मुळी गुडघ्यावर हात दाबत.

"तुह्येही दुखतेत का व सुधा?" बाईंनी विचारलं. "मंग पुडी नाही घेत?"

"नाही जी बाई," सुधा भोळेपणानं म्हणाली. "हे हातही लावू देत नाहीत. म्हणतेत, हाडं सडतेत त्यानं."

विनोदची मान खाली गेली. बाईंनी पाण्याचा गिलास तसाच खाली ठेवला.

"मंग माह्ये हाडं कोनाचे होते रे, विनोद?"